टनेज बघायचं की उतारा?

काही वाद मिटू नयेत अशीच दोन्ही बाजूंची मनापासून इच्छा असते. जीटीएक्स १०६० भारी की आरएक्स ५८०, हा त्यातलाच एक. पहिलं ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियानं जुलै २०१६ मध्ये बाजारात आणलं, दुसरं एएमडीनं एप्रिल २०१७ मध्ये. तेव्हा दहावीच्या अभ्यासाचं निमित्त काढून कॉम्प्युटर मागणारी पोरं आता स्वतःच्या पगारातून हप्ते भरतात. दोन्ही कंपन्यांच्या कार्डांच्या पिढ्यामागून पिढ्या येऊन गेल्या. वाद मात्र जिथल्या तिथं आहे. राहुरीसारख्या गावात, जिथं नवं कोरं कार्ड घेण्यापेक्षा कुणाचं तरी निघालेलं कार्ड हुडकणं हीच रीत आहे, तिथं तर तो अजून अगदी ताजा आहे. एका बाजूला ‘दोन जीबी जास्त’ हा मंत्र आणि दुसऱ्या बाजूला ‘एनव्हिडिया ती एनव्हिडिया’ ही श्रद्धा. दोन्ही बाजू आपापल्या देव्हाऱ्यापुढं बसलेल्या. माझं म्हणणं असं, की या दोन कार्डांची पेरणी होते दुसऱ्याच्या वावरात आणि निकाल लावला जातो आपल्या बांधावर. म्हणून वाद मिटत नाही. आपल्या वावरात लावून पाहिलं तर तो अर्ध्या तासात मिटतो, आणि तोही लाईट असेल तर.

हे राहुरीत व्हावं याचं जास्त नवल वाटतं. दोन गोष्टींची तुलना कशी करावी हे महाराष्ट्रात कुणाला शिकवावं लागू नये, तर ते या तालुक्याला. १९६८ साली स्थापन झालेलं महात्मा फुले कृषी विद्यापीठ इथं आहे, आणि दहा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी काय पेरावं हे सांगणं त्याचं काम आहे. तिथं नवा वाण आला की कुणी उठून ‘हा भारी’ असं म्हणत नाही. शेजारी जुना, माहितीतला तुल्य वाण लावतात. जमीन तीच, पाणी तेच, खताची मात्रा तीच. कुठला वाण कुठल्या वाफ्यात जाणार हेही मर्जीवर सोडत नाहीत, नाहीतर लाडक्या वाणाला नेमकी पाटाकडची कड मिळायची. हेच तीन-चार वाफ्यांत, वेगवेगळ्या हंगामांत, वेगवेगळ्या गावांत. एवढं करून आकडे आले आणि फरक ठरलेल्या मर्यादेच्या आत असला, तर ‘दोन्ही सारखेच’ असं लिहून मोकळे होतात. मग ते सगळं राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत जातं, तिथं शास्त्रज्ञ एकमेकांच्या आकड्यांची साल काढतात, आणि सोलून जे उरतं त्याची शिफारस होते. आणि याच तालुक्यात ग्राफिक्स कार्डाची शिफारस मोबाईलवरच्या आठ मिनिटांच्या व्हिडिओतून होते. व्हिडिओतली खोली वातानुकूलित, प्रोसेसर यंदाचा, वीज पुरवणारा एसएमपीएस साडेआठशे वॉटचा, आणि लाईट गेल्याचा प्रसंग निवेदकाच्या आयुष्यात अजून आलेला नसतो.

यावर जाणकार म्हणतात, की चाचणी तशीच करायची असते. प्रोसेसर दणकट ठेवला नाही, तर कार्डाचा दोष कुठला आणि प्रोसेसरचा कुठला हे कळणार कसं? हरकत बरोबर आहे, आणि कृषी विद्यापीठही तेच करतं. संशोधन केंद्राच्या प्रक्षेत्रावर वाणाला काही कमी पडू देत नाहीत. पण तिथली चाचणी संपली की तोच वाण शेतकऱ्याच्या शेतावर नेतात. चोपण जमिनीत, चुकलेल्या आवर्तनात, शेजाऱ्याच्या शेळ्यांच्या नजरेसमोर. व्हिडिओवाल्यांची चाचणी पहिल्या पायरीवर थांबते. दुसरी पायरी खरेदी करणाऱ्यानं स्वतः चढायची असते, आणि तो ती सहसा कार्ड घेऊन झाल्यावर चढतो.

आधी कागद पाहू, कारण वादाचं सगळं बारूद कागदात भरलेलं आहे. १०६० मध्ये १२८० कोअर, सहा जीबी मेमरी, तिची वाट १९२ बिटांची आणि वेग सेकंदाला १९२ जीबी. ५८० मध्ये २३०४ कोअर, आठ जीबी, २५६ बिटांची वाट, वेग सेकंदाला २५६ जीबी. एकूण गणिती ताकद मोजली तर १०६० ची सुमारे ४.४ टेराफ्लॉप आणि ५८० ची सुमारे ६.२. म्हणजे कागदावर ५८० तब्बल चाळीस टक्के पुढं. हे वाचून कुणीही म्हणेल की वाद कसला, वाजवा फटाके. प्रत्यक्ष खेळात मात्र दोन्ही कार्डं आली त्या काळात जवळजवळ बरोबरीत धावत होती. डायरेक्टएक्स ११ या ग्राफिक्स प्रणालीवर बेतलेल्या खेळांत १०६० जरा पुढं, डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कनवर ५८० पुढं. २०१६ च्या ‘डूम’ला व्हल्कन मिळाल्यावर एएमडीच्या कार्डांनी घेतलेली उडी त्या छावणीत अजून सणासारखी आठवली जाते. पुढं नवे खेळ येत गेले तसं ५८० थोडं थोडं सरकत गेलं आणि आज सरासरीनं थोडं पुढंच आहे, हे मान्य करून टाकतो. पण कागदावरचे चाळीस टक्के वावरात कुठं जिरले, हे विचारायला नको? एका कंपनीचा कोअर आणि दुसरीचा कोअर हे एकाच मापाचे नसतात, त्यांना कामाला जुंपणारा ड्रायव्हर वेगळा, चिपची घडण वेगळी. कोअर मोजून कार्ड घेणं म्हणजे पेरे मोजून ऊस घेण्यासारखं आहे.

आता ऊस निघालाच आहे तर नीटच काढू, कारण राहुरीच्या शेतकऱ्यानं हाच वाद दुसऱ्या नावानं कधीच लढून घेतलेला आहे. को ८६०३२, म्हणजे नीरा, ही १९९६ सालची शिफारस. फुले २६५ ही २००७ सालची. २६५ चं टनेज दांडगं, खारवट-चोपण जमिनीतही ती तग धरते, म्हणून शेतकरी खूश. पण अनेक कारखान्यांनी सुरुवातीला तिच्या नोंदी घेताना नाकं मुरडली, कारण त्यांचं लक्ष उताऱ्यावर, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेवर, आणि उताऱ्यात ८६०३२ चं नाव मोठं. यात गंमत अशी, की ज्याच्या पदरात टनेज पडतं आणि ज्याला उताऱ्याची झळ बसते, ती माणसं वेगळी. उसाचं वजन ज्याचं त्याचं स्वतंत्र होतं. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान दर, ठरतो तो १०.२५ टक्के मूळ उतारा धरून, आणि पुढचा हिशेब साऱ्या कारखान्याच्या सरासरीवर. गेमिंगमध्ये थेट हीच फाळणी घरातल्या घरात होते. फ्रेम मुलाच्या पदरात पडतात आणि वॉट वडिलांच्या नावावर. ५८० ला कंपनीनं १८५ वॉट लावून दिलेत, १०६० ला १२०. दोन्ही कार्डं पूर्ण ताणावर एखाद्या खेळात सेकंदाला साठ फ्रेम देतात असं धरलं, तर १०६० चा उतारा शंभर वॉटला पन्नास फ्रेम पडतो आणि ५८० चा बत्तीस. साखर कारखाना असता तर ५८० ची नोंद घेताना शेतकी अधिकाऱ्यानं दोनदा खाकरून घेतलं असतं.

आता आपलं वावर. पहिली गोष्ट स्क्रीन. तालुक्यातल्या घरांत साडेअठरा इंची मॉनिटर पुष्कळ आहेत, १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलचे, म्हणजे एकूण साडेदहा लाख ठिपके. चाचण्या होतात १९२० गुणिले १०८० वर, म्हणजे पावणेएकवीस लाख ठिपक्यांवर. म्हणजे निम्म्या क्षेत्राला दोन बैलजोड्या आणि वर त्या दोन्हींत कुठली जास्त ताकदीची यावर भांडण. शिवाय हे मॉनिटर सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतात. कार्डानं पंच्याऐंशी फ्रेम काढल्या काय किंवा ब्याण्णव काढल्या काय, समोर दिसणार साठच. वरच्या पंचवीस-तीस फ्रेम कुणाच्याही डोळ्यांपर्यंत न पोहोचता उष्णता होऊन खोलीत राहतात. हरकत घेणारे म्हणतील, जास्त फ्रेम असल्या की माऊस हलका वाटतो, गोळी वेळेवर सुटते. खरं आहे. पण साठ हर्ट्झच्या स्क्रीनवर ८५ आणि ९२ यांतला फरक ज्याच्या बोटाला जाणवतो, त्यानं राहुरीत बसू नये. त्यानं स्पर्धेत उतरावं, बक्षीस आणावं आणि त्या पैशातून मॉनिटर घ्यावा.

दुसरी गोष्ट प्रोसेसर. जुन्या कार्डाचा संसार जुन्याच मशिनशी होतो. शहरातल्या ऑफिसांतून निघालेले, पुसूनपासून विकायला आलेले डेस्कटॉप, आत इंटेलचा तिसऱ्या पिढीतला आय५. असा प्रोसेसर आणि लहान स्क्रीन एकत्र आले, की कार्ड बहुतेक वेळ प्रोसेसरची वाट पाहत रिकामं बसतं. आणि इथं एक बारकावा आहे जो व्हिडिओत कधीच दिसत नाही, कारण तिथला प्रोसेसर थकतच नाही. डायरेक्टएक्स ११ च्या खेळांत एनव्हिडियाचा ड्रायव्हर प्रोसेसरवरचं काम जास्त कोअरांत वाटून देतो, एएमडीचा ड्रायव्हर ते एकाच कोअरच्या पाठीवर जास्त लादायचा. दणकट प्रोसेसरवर हे कळत नाही. थकलेल्यावर लगेच कळतं. गावोगाव जे खेळ खरंच चालतात, जुना जीटीए ५ किंवा काउंटर-स्ट्राइक २, ते डायरेक्टएक्स ११ वालेच. प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी: डायरेक्टएक्स १२ मध्ये हेच पारडं उलटं होतं, तिथं एनव्हिडियाचा ड्रायव्हर प्रोसेसरला जास्त राबवतो. पण डायरेक्टएक्स १२ चे आजचे अवजड खेळ तिसऱ्या पिढीच्या आय५ वर चालवणारा माणूस कुठलंही कार्ड घेतलं तरी दुःखीच राहणार आहे, तेव्हा त्याला या तुलनेतून वगळलेलं बरं.

तिसरी गोष्ट वीज, आणि इथं मात्र थांबायला हवं, कारण निकाल इथंच लागतो. बिलाचा मुद्दा मी फार ताणणार नाही. दोन कार्डांतला फरक ६५ वॉटचा. रोज चार तास खेळलं तर वर्षाला सुमारे ९५ युनिट, महिन्याला आठ. शंभर युनिटच्या वर वापर गेला की दराचा टप्पा बदलतो, पण म्हणून कुणाचं घर आठ युनिटांनी बुडत नाही. खरा मुद्दा लाईट येण्या-जाण्याचा आहे. गावठाणात एकवेळ ठीक. वस्तीवर थ्री फेज आली की शिवारातल्या साऱ्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज गुडघ्यावर येतं आणि बल्ब लाजल्यासारखा होतो. म्हणून कॉम्प्युटरच्या पायाशी यूपीएस असतो, आणि तो बहुतेक घरांत ६०० व्हीएचा असतो, कारण दुकानात तोच पुढं ठेवतात. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट असं समजून पुष्कळ संसार सुखात चाललेले आहेत. प्रत्यक्षात तो साधारण ३६० वॉट झेपवतो. आता बेरीज करा. ५८० चे १८५, प्रोसेसरचे ७७, मदरबोर्ड-डिस्क-पंखे यांचे चाळीसेक, झाले ३०२. एसएमपीएस शंभरातले ऐंशीच कामी लावतो असं धरलं तर भिंतीतून ३७७ खेचले जाणार, वर मॉनिटरचे वीस. जवळपास चारशे. लाईट गेली की यूपीएस एक लांब शिट्टी मारतो आणि सगळं अंधारात जातं. सेव्ह न केलेला गेम, प्रोजेक्टची फाईल, सगळं. हीच बेरीज १०६० ची केली तर ३१६ वॉटवर थांबते. यूपीएस कण्हतो, पण उभा राहतो, आणि गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो. चाळीस टक्के जास्त टेराफ्लॉप एका बाजूला आणि लाईट गेल्यावरची ही दोन-तीन मिनिटं दुसऱ्या बाजूला. राहुरीत कुठलं पारडं जड, हे सांगायला शास्त्रज्ञ नको.

ही बेरीज टोकाची आहे, प्रोसेसर आणि कार्ड एकाच क्षणी पूर्ण ताणावर सहसा नसतात, अशी हरकत कुणी घेतली तर ती रास्त आहे. पण लाईटही आपल्या सोयीचा क्षण पाहून जात नाही. आणि उन्हाळ्याचं काय? मे महिन्यात पारा चाळिशीपार, वर पत्रा, दार बंद कारण आत पोरगा ‘अभ्यास’ करतोय. साधा छताचा पंखा पंच्याहत्तरेक वॉट खातो. ५८० घेतलं की १०६० पेक्षा जवळजवळ एका पंख्याएवढी जादा वीज त्या खोलीत जळते, फक्त वारा येत नाही.

इथं एएमडीच्या छावणीतला सगळ्यात हुशार माणूस उठतो आणि म्हणतो, की ५८० ला व्होल्टेज कमी करून द्या, फ्रेम साठवर बांधून टाका, मग बघा ते किती शहाण्यासारखं वागतं. पूर्ण सत्य. ५८० ला कारखान्यातूनच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज दिलेलं असायचं, आणि ते उतरवलं की तीस-चाळीस वॉट सहज वाचतात, तेही फ्रेम न गमावता. ज्याला हे करता येतं त्यानं ५८० खुशाल घ्यावं. फक्त विंडोज पुन्हा टाकलं की हे सगळं पुन्हा करावं लागतं, आणि विंडोज पुन्हा टाकणं हा आपल्याकडे दर तीन महिन्यांचा कुळाचार आहे.

आता दोन जास्तीच्या जीबींकडे वळू, कारण ५८० च्या बाजूचा खरा भक्कम मुद्दा हाच आहे आणि तो टाळून चालणार नाही. चित्रांचा बारीकपणा वाढवला की सहा जीबी भरतात, आणि भरले की खेळ झटके मारायला लागतो. त्या वेळी आठ जीबीवाला शांत असतो. पण हे कधी होतं ते पाहा. खेळ बनवणाऱ्यांनीच किमान गरजांच्या यादीत या दोघांना एका ओळीत बसवलंय. २०२२ च्या ‘एल्डन रिंग’ची किमान अट तीन जीबीचं १०६० किंवा चार जीबीचं ५८०. ‘सायबरपंक २०७७’नं २०२३ मध्ये अटी वाढवल्या, तेव्हा किमान अट सहा जीबीचं १०६० किंवा आठ जीबीचं ५८०. म्हणजे बनवणाऱ्याच्या लेखी एनव्हिडियाचे सहा आणि एएमडीचे आठ एकाच पायरीवर, आणि ती पायरी शेवटची. त्याच्या पुढं दार दोघांनाही बंद. डिसेंबर २०२४ चा ‘इंडियाना जोन्स’, मे २०२५ चा नवा ‘डूम’, यांना किरणांचा माग काढणारं, म्हणजे रे ट्रेसिंगचं, हार्डवेअर लागतं, आणि ते दोघांकडेही नाही. तिथं आठ जीबी असून काही उपयोग नाही. अंगण मोठं, पण घरात शिरायची सोयच नाही. राहिली मधली अरुंद पट्टी: सहा जीबीत न मावणारे पण रे ट्रेसिंग न मागणारे खेळ, फुल एचडी स्क्रीन, चांगला प्रोसेसर. त्या पट्टीत ५८० निर्विवाद सरस. त्या पट्टीत राहणाऱ्यांनी हा लेख इथंच सोडला तरी चालेल.

बाकीच्यांसाठी एक गोष्ट, जी कुठल्याही चाचणीत मोजली जात नाही: कार्ड घेताना घरी दिलेलं कारण. ‘गेमसाठी’ असं सांगून आजवर कुणाला कार्ड मिळालेलं नाही. ते ‘प्रोजेक्टसाठी’ लागतं, ‘थ्रीडी’साठी लागतं, ‘एडिटिंग’साठी लागतं. आता ब्लेंडर हे फुकट मिळणारं थ्रीडीचं सॉफ्टवेअर घ्या. डिसेंबर २०२१ च्या ३.० आवृत्तीपासून त्याच्या सायकल्स इंजिननं एएमडीच्या या जुन्या कार्डांची साथ सोडली. ५८० घातलं तरी चित्र प्रोसेसरच काढत बसतो. १०६० वर तेच काम एनव्हिडियाच्या ‘कूडा’ तंत्राच्या जोरावर कार्ड करतं. म्हणजे घरच्यांसमोर बोललेला शब्द तांत्रिकदृष्ट्या तरी खरा ठरावा, एवढी ज्याला चाड आहे त्याच्यासाठी निवड आपोआप झालेली आहे.

मग जात-कुळी. वापरलेलं कार्ड आधी कुठं राबलं हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि त्याचं उत्तर नेहमी एकच मिळतं: ‘घरीच होतं, भाऊ क्रिकेटचा गेम खेळायचा.’ पण इथेरियम नावाच्या आभासी नाण्याचं खाणकाम कार्डांवर चालायचं तेव्हा आठ जीबीचं ५८० हा त्या धंद्याचा लाडका बैल होता; १०६० पेक्षा ते जास्त कमवायचं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं ती पद्धतच बंद केली आणि रात्रंदिवस घाण्याला जुंपलेली कार्डं जगभर बाजारात उतरली. सतत एकाच तापमानावर चाललेली चिप खराब होतेच असं नाही, असं विकणारे सांगतात, आणि चिपपुरतं ते बरोबर आहे. पंख्याच्या बेअरिंगला मात्र हे कुणी समजावलेलं नसतं, आणि थर्मल पेस्टलाही. शिवाय खाणवाले कार्डाचं बायोस बदलून ठेवायचे, ते परत मूळचं केलेलं असेलच असं नाही. दुसरी भानगड नावाची. ‘नवं कोरं, खोक्यासकट’ म्हणून जे स्वस्त ५८० मिळतं त्यात पुष्कळदा २०४८ कोअर असतात. २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी काढलेलं हे कार्ड म्हणजे मुळात एएमडीचंच खालचं ५७० आहे, बारसं तेवढं नवीन. एनव्हिडियानंही हात धुऊन घेतलेले आहेत: तीन जीबीच्या १०६० मध्ये मेमरी तर निम्मी आहेच, पण कोअरही १२८० ऐवजी ११५२, आणि नाव तेच. त्याहून खालची पातळी म्हणजे पार जुन्या कार्डावर १०६० चं बायोस चढवलेले तोतये. राहुरीहून लोक ज्या शनी शिंगणापूरला जातात तिथं घरांना दारं नसण्याची परंपरा आहे आणि तरी विश्वास आहे. जुन्या कार्डांच्या बाजारात सगळ्या पाकिटांना सील आहे, आणि विश्वास ठेवायचा तो फक्त जीपीयू-झेड नावाच्या छोट्या फुकट सॉफ्टवेअरवर. ते उघडून कोअरांचा आकडा वाचायचा: ५८० असेल तर २३०४, १०६० असेल तर १२८०. बोगस कार्ड असेल तर ते बहुतेकदा तसं स्पष्ट लिहूनच दाखवतं.

एवढं दळण दळून झाल्यावर कुणी तरी विचारतोच, की आता सगळे मोबाईलवर खेळतात, हा खटाटोप कशाला? मोबाईलवरचा पबजी सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला, त्याच्या जागी आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये बंद होऊन २०२३ मध्ये परत आला, त्या साऱ्या काळात जीटीए ५ वाले आपल्या खोलीत निवांत गाड्या पळवत होते. ज्यांच्याकडे ऑफिसातून निघालेला, पावणेतीनशे वॉटच्या आसपासचा एसएमपीएस असलेला डबा आहे आणि त्यातून कार्डासाठी वेगळी वायरच निघत नाही, त्यांच्यासाठी तर दोन्ही वाण बाद आहेत. वायर जोडायला कन्व्हर्टर मिळतात; ते घेऊ नयेत. त्यांनी एनव्हिडियाचं २०१६ चंच १०५० टीआय बघावं. चार जीबी, ७६८ कोअर, पंच्याहत्तर वॉट, आणि तेवढे मदरबोर्डच्या खाचेतूनच मिळतात. टनेज कमी, पण कोरडवाहूला तेच.

तर माझी शिफारस अशी. राहुरीच्या वावरासाठी १०६०, आणि तेही सहा जीबीचंच. ज्याच्याकडे खात्रीच्या कंपनीचा पाचशे वॉटचा एसएमपीएस, हजार व्हीएचा यूपीएस, फुल एचडी मॉनिटर आणि व्होल्टेज उतरवण्याची हौस आहे त्यानं २३०४ कोअरचं ५८० घ्यावं, आणि वर लिहिलेलं काही मनाला लावून घेऊ नये. दोन्हीपैकी काहीही घ्या, जन्मभराचं धरू नका. एएमडीनं ५८० च्या पिढीला २०२३ मध्येच नव्या ड्रायव्हरांच्या मुख्य प्रवाहातून बाजूला काढलं, आणि एनव्हिडियानं १०६० च्या पिढीसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील. कार्ड बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याच्याच मशिनवर अर्धा तास गेम चालवून बघा, पंख्याचा आवाज ऐका, कोअर मोजा आणि मगच पैसे काढा. अर्धा तास भरायच्या आत लाईट गेली, तर चाचणी पुन्हा पहिल्यापासून घ्या.